नववीचे मार्क कोण विचारतं?

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, न्हावी. पण गल्लीत सगळे त्यांना ‘वकील’ म्हणायचे. मान त्यांच्या हातात आणि गळ्याशी वस्तरा असताना वाद कोण घालणार? त्यामुळे प्रत्येक खटला तेच जिंकायचे. एकदा बोलायला लागले की तोंडाचा पट्टा थांबायचा नाही.

लेक नववीत असताना बहिणीला अर्धांगवायू झाला. सलून बंद ठेवलं तर चूल कशी पेटणार? भाऊजींनी मुलीला घरी बसवलं आणि वर निकालही देऊन टाकला, “नववीचे मार्क कोण विचारतं? विचारतात ते दहावीचे नि बारावीचे.” मला पटलं. कुणालाही पटलं असतं, आपण सगळे असंच तर म्हणतो.

पोरीनं वर्षभर आईला कुशीवर वळवलं, आखडलेली बोटं एकेक करून उघडली, भिंतीला धरून चार पावलं चालवलं. परीक्षेला कशीबशी गेली आणि काठावर पास झाली. निकालानंतर थोड्याच दिवसांत माझी बहीण गेली.

पुढं पोरीनं मान मोडून अभ्यास केला. बारावीला वर्गात पहिली. तिला एकच हवं होतं, फिजिओथेरपीचं कॉलेज. त्या कामात तिचा जीव रमला होता.

त्या कॉलेजनं मात्र, आपल्या वेगळ्याच नियमानं, नववी ते बारावी, चारही वर्षांची सरासरी काढली. नववीनं तिला खाली ओढलं आणि प्रवेश थोडक्यात हुकला. प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंना मी तावातावानं सगळी कहाणी सांगितली. त्या म्हणाल्या, “खरंय हो तुमचं, पण फॉर्मवर आजारपणाचा रकानाच नाही.” माझ्या मस्तकात तिडीक गेली. चार वर्षं मोजता येतात, आणि एक आई मोजता येत नाही?

आम्ही तसेच सलूनवर आलो. गिऱ्हाईक नव्हतं, भाऊजी कात्र्या पुसत होते. पोरीनं दोन वाक्यांत सांगितलं. वकिलांनी हातातली कात्री खाली ठेवली. ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसले.

“मीच म्हणालो होतो गं बाळा, नववीचे मार्क कोण विचारतं…”

“आईनं विचारले होते.”

भाऊजींनी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

“निकालाच्या दिवशी. तुम्ही इथं होतात. तिला धड बोलता येत नव्हतं, तरी दोनदा विचारलं. मी सांगितलं, पहिली आले. तिनं चांगल्या हातानं माझा गाल धरला. म्हणाली, बरं झालं, माझ्यामुळे बुडालं नाही.”

मला भिंतीकडे तोंड करावं लागलं. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. भाऊजी खुर्चीतून उठलेच नाहीत. शेवटी मीच त्याला, उद्या या, म्हणून सांगितलं.