डिंभ्याचा रविवार

मार्थाबाई डिंभ्यात, स्वतःच्या घरात, गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी वारल्या. घरात एकट्या होत्या. कळलं सोमवारी. त्याआधी पाच महिने मी मंचरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या पंचांना एक निनावी पत्र पाठवलं होतं. या दोन गोष्टी मी आजवर कुणासमोर एकत्र ठेवलेल्या नाहीत — बायकोसमोरही नाही. तुमच्यासमोर ठेवतो.

मी तालुक्याचा बातमीदार. खड्डे, कोरडे नळ, न येणारी एसटी — वीस वर्षं लोकांच्या तक्रारी लिहिल्या. घरी आलो की माझ्या स्वतःच्या सुरू. चहा गोड झाला. पंखा सावकाश फिरतो. उपदेश लांबला. माझी बायको रूथ म्हणायची, "तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी म्हणाल, दार करकरतंय." मी हसायचो. कुरकुर हे पाप आहे हे मला माहीत नव्हतं का? बायबलमधली, अरण्यात कुरकुरणाऱ्या लोकांची गोष्ट संडे स्कूलमध्ये मुलांना मीच सांगायचो.

चर्चमध्ये आमची रविवारची उपासना सकाळी दहाची. ती चालवणारे पाळकसाहेब यायचे पावणेअकराला, कधी अकराला. तोवर मंडळी गाणी म्हणत बसायची आणि मी घड्याळ बघत. एकदा मी मोठ्यानेच विचारलं, "पाळकसाहेबांचं घड्याळ कुठल्या देशाचं आहे?" बाकावरचे सगळे हसले. ते हसले नसते तर पत्र लिहिलं असतं का? — माहीत नाही.

पत्र बातमीसारखं होतं. सलग सात रविवारचा उशीर, मिनिटांसकट. शेवटचं वाक्य असं — "उशिराचे कारण समजू शकले नाही."

इथं मला थांबावं लागतं.

कारण मला समजलं होतं. धंद्याची सवय, खात्री केल्याशिवाय लिहायचं नाही. त्याआधीच्या रविवारी मी सकाळी मोटरसायकलवर डिंभ्याला गेलो होतो. पाळकसाहेब पहिल्या एसटीतून उतरले. हातात प्रभुभोजनाची, भाकर-द्राक्षारसाची छोटी पेटी. ते मार्थाबाईंकडे गेले. त्या गावात आपल्या लोकांचं ते एकच घर. गुडघे गेल्यामुळे मार्थाबाईंना मंचरला येता येत नव्हतं. दार उघडं होतं. ट्रंकेवर धुतलेलं पांढरं कापड अंथरलेलं रस्त्यावरून दिसत होतं. अर्ध्या तासाने ते बाहेर आले आणि थांब्यावर उभे राहिले. परतीची गाडी आली नाही. मी समोर चहाच्या टपरीत, खांबाआड. पाऊण तास ते उभे होते. मी त्यांना मागे बसवून दहाच्या आत मंचरला आणू शकलो असतो. आणलं नाही.

आणि पत्रात हे सगळं गाळलं. का? — ते लिहिलं असतं तर तक्रारच उरली नसती.

पंचांनी ठराव केला. पाळकसाहेबांनी तो स्वतः वाचून दाखवला — उपासना दहालाच, डिंभ्याची भेट महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पुढच्या रविवारी दहाला पहिलं गीत सुरू झालं. मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं — बरं वाटलं.

मार्थाबाईंना माती देताना त्यांची शेजारीण हिराबाई माझ्या शेजारी उभी होती. पत्र कुणाचं हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. तीच बोलायला लागली.

"गुरुवारी पाळकसाहेब येऊन गेलं आन् चार दिसांनी हिला दम लागाया लागला. म्या म्हनलं, म्हातारे, घोडेगावला दवाखान्यात जाऊ. तर म्हनती, साहेब आलं की त्यांच्यासंगं जाईन. म्हनलं फोन लावते. तर हात धरला माझा. म्हनली, नको गं बाई, माझ्यापायी त्यास्नी लई बोलनी बसली. आता तरास नाय द्यायचा." मग म्हणाली, "मी भाचीच्या लग्नाला गेल्ते, भाऊ. दोनच दीस."

मी मान हलवली. पाळकसाहेब चार पावलांवर होते. सांगितलं नाही.

त्यानंतर माझी कुरकुर थांबली. चहा कसाही असो, गाडी येवो न येवो. तोंड उघडलं की काहीतरी निसटेल, ही भीती. रूथला वाटलं, प्रार्थना फळाला आली. पाळकसाहेब नेहमी सांगायचे, तक्रार करायचीच तर देवाकडे करा, तो दोन्ही बाजू ऐकून घेतो. मी त्याच्याकडेही गेलो नाही. दुसरी बाजू त्याला ठाऊक होतीच.

उपकारस्तुतीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मला, प्रभूने आयुष्यात काय केलं याची साक्ष द्यायला उभं केलं. "प्रभूने माझ्या जिभेला आवर घातला," मी म्हणालो. कुरकुर थांबली, हे खरं होतं. कशाने थांबली ते गाळलं — दुसऱ्यांदा. बायका डोळे पुसत होत्या. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

ती साक्ष त्यांनी मंडळीच्या पत्रिकेत घेतली. मुद्रितं तपासायला माझ्याकडेच आली. मी दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं. गेल्या रविवारी उपासनेनंतर अंक वाटला गेला.