रुखवतातली गिटार

माझ्या आईची एक चूक झाली आणि पुढची सगळी वर्षं ती मला निस्तरावी लागली. माझ्या लग्नात तिनं रुखवतात गिटार मांडली.

एकीकडं लाडवांचे मनोरे, दुसरीकडं मी विणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ, मण्यांचा राजहंस, आणि मधोमध माझी गिटार, झेंडूची माळ घालून. आईला वाटलं, सासरच्यांना आपोआप कळेल की पोरगी वाजवते. सासरच्यांना कळलं ते एवढंच की रुखवतात गिटार आली. आता मला सांगा, रुखवतातला राजहंस कुणी पाण्यात सोडतं का? ती वस्तू दाखवायची असते. गिटारही दाखवायची ठरली.

कोल्हापुरात पेठेतलं आमचं घर म्हणजे तीन खोल्या आणि नऊ माणसं. पुढच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात वरच्या फळीवर कपबशा, खाली राजहंस आणि त्याच्या शेजारी गिटार. कपाटाला कुलूप आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. कुणी आलं-गेलं की आत्याबाई कपाटापुढं उभ्या राहून सांगायच्या, "ही सूनबाईची गिटार. अख्ख्या पेठेत अशी न्हाय."

"वाजती व्हय?"

"वाजंल की! न वाजायला काय झालंय तिला?"

आणि मी चहाचा ट्रे धरून मागं उभी.

ही गिटार मला शिकवली मास्तरांनी. माझं माहेर गडहिंग्लजचं, आणि मास्तरांचं शिलाईचं दुकान आमच्या दारासमोर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं ते टेलरमास्तर म्हणून. मी म्हणायचे ते गिटारीसाठी. तरुणपणी दहा वर्षं ते कोल्हापुरात स्टुडिओत वाजवायला होते. सिनेमात बाई एकटी खिडकीशी उभी राहिली, की मागं जो रडवणारा सूर यायचा ना, तो मास्तरांचा. लोक बाहेर पडताना नटीचं नाव घ्यायचे, गाणारणीचं घ्यायचे. मास्तर हसून म्हणायचे, "पडद्यावर आमचं बी नाव येतंय की बेटी. 'आणि इतर' म्हणून येतंय."

त्यांनी मला गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवायला शिकवलं. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरनं सरकवायची. सूर कसा पाण्यावरनं गेल्यासारखा जातो! आणि एक गोष्ट त्यांनी रोज घोकून घेतली होती. वाजवून झालं की तारा उतरवायच्या. ढिल्या करायच्या. नाहीतर ताणानं घोडी सुटते. घोडी म्हणजे तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी.

लग्नात कुणी 'वाजव' म्हणालं तर पंचाईत नको, म्हणून मी तारा चढवून ठेवल्या होत्या. कुणी म्हणालं नाही. तशाच ताणलेल्या तारांनी गिटार कपाटात गेली.

मी काचा पुसायला लागले की आधी घोडीकडं बघायचे. पहिल्या वर्षी तिच्याखाली काही दिसत नव्हतं. दुसऱ्या वर्षी धाग्याएवढी काळी रेघ दिसायला लागली. माझ्या डोळ्यांदेखत घोडी उचलली जात होती, आणि मधे ती एवढीशी काच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आईला विचार." आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "जागच्या जागी हाय न्हवं? हात लावलास की मोडंल." रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, त्या तारा माझ्याच मानेत ताणल्यात.

अशात एकदा मास्तर अस्तराचं कापड घ्यायला एसटीनं कोल्हापूरला आले आणि माझ्या आईनं दिलेल्या शेंगा पोचवायला घरी आले. सासरे म्हणाले, "या पावणं, बसा." बसले ते नेमके कपाटासमोर. एकदा गिटारीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग आत्याबाईंना म्हणाले, "अक्का, ही रोज कोण वाजवतंय?"

"कोण वाजवणार? रुखवतातली हाय ती."

"मग गेली की हातची! अवो अक्का, गिटार म्हंजे दुभती म्हस. रोज पिळली न्हाय तर कास दगडागत हुतीया."

आत्याबाईंनी माहेरी म्हशींच्या धारा काढलेल्या. त्यांचा चेहराच उतरला. "मग आता वो?"

"रोज धा मिनटं वाजवली की झालं. पोरीला येतंय. मीच शिकीवलंय."

मी दोन वर्षांत जी किल्ली मागू शकले नाही ती मास्तरांचं वाक्य संपायच्या आत कुलपात होती.

मास्तर धडधडीत खोटं बोलत होते. वाजवल्यानं घोडी वाचत नाही, तारा उतरवल्यानं वाचते. मी त्यांच्याकडं बघत राहिले आणि ते आढ्याकडं.

मग आमचा नेम सुरू झाला. दुपारी तीनला आत्याबाई कपाट उघडायच्या, गजराचं घड्याळ दहा मिनिटांवर लावायच्या आणि समोर तांदूळ निवडत बसायच्या. पहिल्या दिवशी मला कांडी सरकवताना बघून म्हणाल्या, "अगं, वाजवत्यास का इस्त्री करत्यास?"

आता ह्या दहा मिनिटांचा हिशेब बघा. तारा सुरात लावायला तीन मिनिटं. वाजवून झाल्यावर उतरवायला दोन. राहिली पाच. आणि तारा उतरवल्याच नाहीत, तर दुसऱ्या दिवशी नुसता हात फिरवला की सुरात, म्हणजे जवळजवळ दहाच्या दहा मिनिटं माझी. पण मग गिटार मरणार. हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी तारा उतरवल्या नाहीत.

तेव्हा मला दिवसाकाठी पाच मिनिटं पुरली नसती, खरंच सांगते. दहाही पुरत नव्हती. गाणं रंगात यायचं आणि गजर कोकलायचा. आत्याबाई हात पुढं करायच्या, "आण हिकडं." खिडकीसमोरून जाणाऱ्या बायका विचारायच्या, "रेडिओ लावलायसा व्हय?" आत्याबाई ऐटीत सांगायच्या, "रेडिओ कशाचा! आमची गिटार वाजतीया." गिटार वाजायची. वाजवणारी कोण, ते कुणी विचारलं नाही.

असं सहा वर्षं चाललं. उन्हाळ्यात एका दुपारी मी आत कुरडयांचा चीक हाटत होते आणि पुढच्या खोलीत फाडकन आवाज झाला. घोडी सुटली होती. वरचं लाकूडही तिच्याबरोबर उचकटून आलं होतं. तारा लोळागोळा होऊन राजहंसावर पडलेल्या.

आत्याबाई मटकन खाली बसल्या. "मी कुठं कमी पडले गं? एक दीस चुकवला न्हाय!" आणि ते खरंच होतं. माझ्या बाळंतपणात, मी माहेरी असताना, त्या स्वतः तीन वाजता कपाट उघडून तारांवरनं बोट फिरवायच्या. त्या बोलत होत्या आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कार्ड काढ. तुझ्या मास्तराला लिही. तुमी सांगितल्यापरमानं रोज पिळली, तरी म्हस मेली."

मी तसंच लिहिलं. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून कडेला बारीक अक्षरात माझंही एक वाक्य घातलं: मास्तर, तारा एकदाही उतरवल्या नाहीत.

आठवड्यानं उत्तर आलं. मास्तरांनी लिहिलं होतं, 'बेटी, चूक माझी. मी खोटं बोललो, असं अक्कांना वाचून दाखव. ती आता जुळायची नाही. माझी डोळ्यांमुळं शिलाई बंद आहे, पण हात अजून चालतो. संध्याकाळी वाजवतो. ऐकायला कुणी नसतं.'

"काय म्हंतोय?" आत्याबाईंनी विचारलं.

मी कार्ड डोळ्यांपुढं धरलं आणि वाचायला लागले, "अक्का, धा मिनटांत म्हस पुरती मोकळी होत नाही. तिथं चुकलं. दुसरी आणलीत तर रोज अर्धा तास तरी द्या."



"अर्धा तास? आणि भाकऱ्या कोण, त्यो येऊन थापणार हाय व्हय?" मग पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "आधी दुसरी कुठनं आणायची त्याचाच पत्ता न्हाय. पर आणलीच, तर वीस मिनटं. एक मिनीट वर न्हाय. लिही त्येला."

मी नवं कार्ड काढलं आणि लिहायला बसले.