पोरगी पॉलिसी शिकते

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सहादू दोंदे टर्नर म्हणून जितका ओळखला जातो, त्याहून जास्त बोलका म्हणून ओळखला जातो. लेथवर उभा असला की तोंड बंद, कारण तिथे लक्ष हललं तर बोटावर बेततं. पण लेथ थांबला की सहादूचा पट्टा सुरू. शेडबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याने आजवर काय सांगायचं बाकी ठेवलंय? घोटीजवळच्या गावातून भाताच्या चिखलाला कंटाळून तो शहरात कसा आला, हेल्परचा टर्नर कसा झाला, चांगुणाला बघायला गेला तेव्हा बशीतला चहा पांढऱ्या शर्टावर कसा सांडला आणि तरीही तिने होकार कसा दिला, हे सगळं टपरीवाल्यासकट सगळ्यांना पाठ आहे. आणि स्नेहा शाळेत जायला लागल्यापासून तर त्याला दुसरा विषयच उरला नाही.

हे बोलणं त्याला बापाकडून आलं. सहादू लेथवर बुश काढतो. बुश म्हणजे गाडीच्या पोटात कुठेतरी बसणारी एक पितळी कडी; गाडीच्या मालकालाही ती कधी दिसत नाही. पण त्याचा बाप गावात पारावर बसून सांगायचा, "माझा पोरगा नाशकाला जीपगाड्या बनवतो." सहादू गावी गेला की लोक नव्या गाडीचा भाव विचारायचे. त्याने बापाला कधी दुरुस्त केलं नाही. बापाने पोराचं कौतुक करताना मापं घेऊन बोलायचं नसतं, असं त्याचं स्पष्ट मत होतं, आणि हे मत असलेला माणूस दिवसभर मापंच घेत असतो, ही त्यातली गंमत.

तर स्नेहा बी.ए. झाली आणि गंगापूर रोडवर नव्याने निघालेल्या एका पदव्युत्तर संस्थेत परीक्षा देऊन लागली. पहिलीच बॅच. तिने घरी सांगितलं, "एम.ए. इन पब्लिक पॉलिसी." सहादूने त्यातला शेवटचा शब्द घट्ट पकडला आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर जाहीर केलं, "पोरगी पॉलिसी शिकते. मास्टर डिग्री."

आता सातपूरमध्ये काय आणि अख्ख्या जिल्ह्यात काय, पॉलिसी म्हटलं की ती एकच. विम्याची. महिन्याभरात कॉलनीतली माणसं दोंद्यांच्या दारात प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन उभी राहू लागली. चिमाजीची पॉलिसी बंद पडली होती. फुलाबाईला आपल्या पॉलिसीवर धाकट्याऐवजी थोरल्याचं नाव टाकायचं होतं आणि हे धाकट्याला कळू द्यायचं नव्हतं. कोपऱ्यावरचा विमा एजंट रंगनाथ तर एकदा स्वतःच आला आणि खुर्चीत अवघडून बसत म्हणाला, "ताई, आपण दोघं मिळून केलं असतं. एकाच गल्लीत दोन दुकानं कशाला?"

रंगनाथ गेल्यावर स्नेहाने कपाळाला हात लावला. "पप्पा, विमा नाही ओ. पब्लिक पॉलिसी म्हणजे सार्वजनिक धोरण. सरकार काय ठरवतं, कसं ठरवतं, ते लोकांपर्यंत पोचतं का, हे शिकायचं."

"मग आधी सांगायचं ना," सहादू म्हणाला. "धोरण. समजलं."

समजलं म्हणजे शब्द समजला. पुढच्याच आठवड्यात घोटीला चुलतभावाच्या मुलीची हळद होती. मांडवात सगळा गोतावळा जमलेला. कोणीतरी विचारलं, स्नेहा सध्या काय करते, आणि सहादू छाती काढून म्हणाला, "धोरण शिकते. आता आमची स्नेहा पक्की धोरणी झाली बघा."

धोरणी. बायकांच्या घोळक्यात हा शब्द पडला आणि त्याचा व्हायचा तो अर्थ झाला. धोरणी म्हणजे हिशोबी, आतल्या गाठीची, कोणाशी कधी गोड बोलायचं ते बरोबर जाणणारी. लग्नाच्या वयाची मुलगी, आणि बापच सांगतोय. जेवणाच्या पंगतीत सहादूची वहिनी, रंगूबाई, वाढणाऱ्या पोरीला म्हणाली, "त्या पानात विचारून वाढ गं बाई. धोरणी हायेत त्या. आपल्याला काय पोचतंय त्यांचं."

सगळ्या हसल्या. स्नेहाही हसली, पण पानावरून अर्धपोटी उठली.  घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझ्याबद्दल कोणालाच काही सांगत जाऊ नका. काहीही नाही. माझ्या गळ्याची शपथ."

चांगुणा मध्ये पडायला गेली, पण पोरगी आत निघून गेली होती. सहादू भिंतीला टेकून बसला. त्याला राग आला नाही. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. पोरगी शिकते आहे तिथे आपण पोचू शकत नाही, हे त्याला चालण्यासारखं होतं. पण आपलं कौतुकच तिला काटा होऊन टोचावं, हे त्याच्या डोक्यात मावेना. त्या दिवसापासून सहादू दोंदेने स्नेहाचं नाव टपरीवर घेतलं नाही.

आता नेमकं तेच वर्ष कौतुकाचं निघालं, याला काय म्हणावं? दिवाळीनंतर स्नेहाच्या निबंधाला संस्थेत पहिलं बक्षीस मिळालं. मग ती मुंबईला मोठ्या अधिकाऱ्यांसमोर बोलून आली. पेपरात बारीकसा फोटो आला, त्यात ती डावीकडून दुसरी होती. सहादूने तो पेपर डब्याच्या पिशवीत घालून टपरीपर्यंत नेला आणि तसाच परत आणला. चहा पिताना पिशवी मांडीवर ठेवून बसला. लोकांनी विचारलं, "पोरगी काय म्हणते?" तर म्हणाला, "बरी आहे." सहादूच्या तोंडून दोन शब्दांत उत्तर आल्यावर लोकांनी जो काढायचा तो अर्थ काढला. पोरीचं शिक्षण सुटलं असणार. कोणी म्हणालं, पळून गेली असेल. त्याच्या कानावर हे आलं, तरी तो गप्प राहिला. शपथ म्हणजे शपथ.

पण खरी पंचाईत पुढेच होती. शेजारच्या शेडमध्ये एक पॅकिंगचं युनिट नव्याने सुरू झालं आणि तिथल्या बायका सकाळच्या चहाच्या सुट्टीत टपरीवर यायला लागल्या. त्यात मैना नावाची एक होती, पंचवटीपलीकडून येणारी, बोलायला सहादूच्या तोडीची. तिचं रोजचं गाऱ्हाणं एकच. सकाळची पहिली बस सातपूरला पोचते तेव्हा गेट लागलेलं असतं. बसचं वेळापत्रक जुनं, कारखान्यांनी वेळा पुढेमागे केलेल्या, आणि मधल्या मध्ये बायकांना लेटमार्क. तीन लेटमार्क झाले की अर्धी रजा कापली जाते.

एक दिवस मैना म्हणाली, "सहादूभाऊ, आज बसमध्ये कॉलेजची एक पोरगी बसली व्हती. आमच्यासंगट उभी राहून आली. विचारत व्हती, किती लेटमार्क लागले, घरून कधी निघता, सैपाक कधी उरकता."

"असं?" सहादू म्हणाला.

"लय गुणाची पोर. स्नेहा नाव सांगत व्हती. कोणाची हाय कोणास ठाऊक, पण आईबापानं चांगली शिकवली."

सहादूने चहाचा घोट घेतला आणि तो चुकीच्या नळीत गेला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. टपरीवाल्याने पाठीवर थापा मारल्या; तो काही सांगणार तोच सहादूने त्याला डोळ्याने खुणावलं. मैनाने पाणी दिलं. "जरा बेतानं प्या," ती म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी मैना त्याला त्याच्याच पोरीच्या बातम्या द्यायची. आज ती गेटवर उभी राहून वेळ बघत होती. आज तिच्या गटातली पोरं कारखान्यांच्या साहेबांकडे गेली. आज म्हणे बसच्या ऑफिसात बसून आली, तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. घरी स्नेहा यातलं काही सांगत नव्हती. प्रोजेक्ट चालू आहे, एवढंच. आणि सहादू घरी येऊन चांगुणाला सगळं सांगायचा, दार लावून, हळू आवाजात. चांगुणा पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि म्हणायची, "अहो, सांगून टाका की त्या बाईला." तो नकारार्थी मान हलवायचा.

मार्च लागला आणि पहिली बस पंधरा मिनिटं आधी निघू लागली. त्या सकाळी मैना आणि तिच्या मैत्रिणी गेट उघडायच्या आधी टपरीवर हजर. मैनाने सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने चहा पाजला. "त्या पोरीच्या नावाचा," ती म्हणाली. सहादूने दोन कप घेतले.

वर्ष संपताना संस्थेचा कार्यक्रम होता. पहिल्या बॅचने वर्षभरात काय केलं, ते पालकांना आणि पाहुण्यांना सांगायचं होतं. स्नेहाने आईला बोलावलं आणि थोडं थांबून म्हणाली, "पप्पा, तुम्हीपण या." सहादूने इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघताना स्वतःहून सांगितलं, "मी मागे बसेन. बोलणार नाही."

सभागृह गार होतं, खुर्च्या मऊ होत्या. संचालक बाई एकेक काम सांगत होत्या. नामपूरच्या कांदा बाजारात माल घेऊन येणाऱ्या बायकांसाठी सावली आणि पाण्याची सोय कशी झाली, घोटीकडच्या एका ग्रामसभेत पोरांनी काय केलं, कोणाला कुठली फेलोशिप मिळाली. सहादू प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत होता, कोणाच्याही पोराला. मग सातपूरच्या बसचं काम आलं. स्नेहा आणि तिचा गट स्टेजवर गेला, आणि बाई म्हणाल्या, ज्यांच्यासाठी हे काम झालं त्यांच्यातलीच एक जण दोन शब्द बोलेल.

माईकवर आली ती मैना. नवी साडी, केसात गजरा. तिने एकदा घसा साफ केला आणि समोर पाहिलं, आणि मागच्या रांगेतला इस्त्रीचा शर्ट तिला दिसला.

"अरे, सहादूभाऊ," ती माईकमधूनच म्हणाली. "तुम्ही हितं कसे?"

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. सहादू उभा राहिला. जन्मभर ज्याला बोलायला निमित्त लागलं नाही, त्याला आज अख्खी सभा निमित्त देत होती.  पण त्याने फक्त स्टेजकडे, स्नेहाकडे पाहिलं. मैना तिकडे सांगतच होती, "आमच्या टपरीवरचे हे. ही पोरगी बसमध्ये आल्यापासून सगळं मी यांना सांगितलंय, रोज. इचारा त्यांना. रोज गुमान ऐकून घ्यायचे."

स्नेहाचा चेहरा बदललेला सहादूला एवढ्या लांबूनही दिसला. पप्पांना सगळं माहीत होतं. बस, गेट, साहेब, सगळं. आणि ही मुलगी कोणाची, हे त्यांनी या बाईलाही सांगितलं नव्हतं. स्नेहा पुढे आली आणि मैनाच्या हातातला माईक तिने हलकेच स्वतःकडे घेतला.

"मैनाताई," ती म्हणाली. "ते माझे पप्पा आहेत."

मैनाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग सहादूकडे, आणि तोंडाला पदर लावला. टाळ्या कोणी सुरू केल्या कोण जाणे. सहादू उभाच होता. त्याला इतका अभिमान वाटत होता की बसायचं असतं हे सुचेना. शेवटी चांगुणाने शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. तिचे स्वतःचे डोळे वाहत होते.

घरी परतताना रिक्षात स्नेहा दोघांच्या मध्ये बसली होती.  मग ती म्हणाली, "शपथ सुटली, पप्पा. उद्या टपरीवर सांगा."

"काय सांगू?" सहादूने विचारलं. "म्हणजे, शब्द कोणता वापरू?"

"तुम्हाला येईल तो. पॉलिसी म्हणा."

"रंगनाथ परत येईल."

"येऊ दे," स्नेहा म्हणाली आणि तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर जागा नव्हती. मैनाने आधीच बातमी पसरवली होती. सहादूने डब्याच्या पिशवीतून घडी पडलेला पेपर काढला, डावीकडून दुसरी कोण ते दाखवलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्यापासून म्हणजे स्नेहाच्या बालवाडीपासून. बायकांचं गेट उघडलं तशा त्या वेळेवर आत गेल्या. शेडचा भोंगा वाजला. बाकीचे टर्नर उठून गेले. सहादू अजून नववीत होता.

सुपरवायझर सावळीराम बाहेर आला. "दोंदे, भोंगा ऐकू आला नाही का? तुम्हाला कधी उशीर होत नाही."

"आज होईल," सहादू म्हणाला.

"लेटमार्क लागेल बरं."

"लावा, साहेब," सहादू म्हणाला आणि टपरीवाल्याकडे वळला. "तर मग दहावीला काय झालं..."