चालणारा डेड पिक्सेल

आमच्या कंपनीत रिजेक्ट पीस ठेवायला लाल रॅक आहे. किश्श्यांना रॅक नाही. ते आमच्याच पोटात साठत जातात आणि चहाच्या सुट्टीत कोणी जरा धक्का दिला की बाहेर सांडतात. आज तुम्ही धक्का दिलात, आता ऐका.

शिरूर आणि दौंडच्या मधे कुठंतरी ही कंपनी. नाव विचारू नका, अजून पगार तिथूनच येतो. आम्ही डेस्कटॉप बनवतो. साधे नाहीत, भारीतले. सगळं मशीन स्क्रीनच्या मागंच बसवलेलं. एकाची किंमत ऐकलीत तर म्हणाल, त्यापेक्षा म्हैस घेऊ. मी खुटबावचा, फायनल इन्स्पेक्शनला. सगळे मला मामा म्हणतात, साहेब लोकसुद्धा. कारण साहेब येतात आणि जातात, मी आपला तिथंच.

काम काय? अंधाऱ्या केबिनमधे बसायचं. समोरचा स्क्रीन पांढरा होतो, काळा होतो, मग लाल, हिरवा, निळा. डाग, रेघ, ठिपका दिसला की रिजेक्ट. बस्स.

*

या कामानं डोळे बिघडतात. म्हणजे नको इतके सुधारतात.

भांडगावला भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून मी तिच्या मागं उभा. मंगलाष्टकं रंगात आलेली, पुढ्यात पांढराशुभ्र अंतरपाट. नजर गेलीच! खालच्या कोपऱ्यात हळदीचा डाग. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "रिजेक्ट."

पलीकडून नवरदेवाचा आवाज आला, "कोण, मी?"

वरपक्षाची समजूत काढता काढता पंगती उठल्या.

*

डाग किती मोठा चालतो, हे ठरवायला आमच्याकडं एक पारदर्शक प्लास्टिकचं कार्ड असतं. त्यावर काळा ठिपका छापलेला. स्क्रीनवरचा डाग त्याहून लहान असेल तर माल पास, मोठा असेल तर रिजेक्ट. कार्ड द्यायचे ते गायकवाड साहेब, आमचे क्वालिटीचे इन्चार्ज.

आता गंमत बघा. महिन्याच्या सुरुवातीला कार्डावरचा ठिपका मोहरीएवढा. मधल्या आठवड्यात तुरीएवढा. आणि टार्गेट अंगावर आलं की साहेब नवीन कार्ड आणायचे, त्याच्यावर वाटाणा!

एकदा सुषमानं विचारलं, "साहेब, पुढच्या महिन्यात भोपळा का?"

ही सुषमा मांडवगण फराट्याची. माझ्या शेजारच्या केबिनमधे बसायची. कॉन्ट्रॅक्टवर होती. तुला पर्मनंट करतो, असं गायकवाड साहेब तिला दर दिवाळीला सांगायचे आणि ती दर दिवाळीला त्यांना चकल्या द्यायची. मी सांगतोय त्या साली तिनं चकल्या बंद केल्या.

*

एका सकाळी सुषमाला पांढऱ्या स्क्रीनवर काळा ठिपका दिसला. तिनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि निकाल दिला, "डेड पिक्सेल. स्क्रीनचा एक ठिपका मेलेला आहे. पण कोपऱ्यात आहे, चालतो."

चहा पिऊन आम्ही परत आलो, तर ठिपका स्क्रीनच्या मधोमध. सुषमानं साहेबांना पुन्हा आणलं.

"साहेब, मेलाय ना ह्यो? मग आमच्यासंगं चहाला कसा निघाला?"

साहेब म्हणाले, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल.

सॉफ्टवेअर कसलं? फुलकिडा! कंपनीच्या भिंतीला लागून शेवंतीचं रान. डिस्पॅचचं मोठं दार गाड्या भरायला दिवसभर सताड उघडं. तिळाहून बारीक किडा उजेडाला भुलतो आणि काचेच्या मागं शिरतो. आत फिरतो तोवर फिरतो, मेला की तिथंच चिकटून राहतो. गिऱ्हाईकानं मग जन्मभर त्याचं दर्शन घ्यायचं. लाईनवरची सगळी पोरं शेतकऱ्यांची, पहिल्या दिवसापासून सगळ्यांना कळलेलं. पण बोलणार कोण? किडा म्हटलं की दार बंद, दार बंद की लाईन बंद.

*

मी बोललो नाही. मी कृषी सेवा केंद्रातून निळे चिकट सापळे आणले, शेवंतीत लावतात तसले, आणि लाईनवर टांगले.

संध्याकाळपर्यंत सापळ्यांवर फुलकिडे इतके, की निळा रंग शोधावा लागला. वर दोन डास आणि गायकवाड साहेबांचा टाय. टाय सोडवायला दोन माणसं लागली. साहेबांनी सापळे काढायला लावले. म्हणाले, बाहेरचे लोक येतात, त्यांनी बघितलं तर आपल्याबद्दल काय म्हणतील?

दार उघडंच राहिलं.

*

मग तो दिवस आला. सगळ्यात भारी मॉडेलचा लॉट, बाहेर कंटेनर उभा, आणि सुषमानं काढलेल्या पहिल्याच पीसमधे किडा. दुसऱ्यात, तिसऱ्यातही. तिनं लॉट अडवला.

आमच्याकडं पास करायची एक पद्धत आहे. मशीनवर ज्याचा अंगठा, माल त्याच्या नावावर. पुढं काही झालं तर तोच माणूस धरायचा.

गायकवाड साहेब आले. आधी गोड बोलले. मग म्हणाले, "लॉट सोड, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. मीसुद्धा. घरी तिच्या एकटीच्या पगारावर दोन पोरांच्या शाळा चालल्यात, हे सगळ्यांना ठाऊक.

सुषमानं उजव्या हाताची मूठ वळली आणि अंगठा आत घेतला.

"तुम्हाला चालतंय ना साहेब? मग तुमचा अंगठा लावा."

साहेबांना अचानक फोन आला. फोन वाजला नव्हता, पण आला. प्रॉडक्शनचे साहेब आले, त्यांनीही हेच सांगितलं, तिनंही तेच सांगितलं, त्यांना मीटिंग आठवली. डिस्पॅचचे साहेब तर येतानाच अंगठ्याला पट्टी गुंडाळून आले!

शेवटी कंटेनरचा ड्रायव्हर वैतागून आत आला. बिहारचा माणूस, सकाळपासून ताटकळलेला. म्हणाला, "अरे मैडम, हम लगा दें क्या?" आणि लावलासुद्धा. मशीननं अंगठा ओळखला नाही, लाल दिवा दाखवला. तेवढ्यात त्याला स्क्रीनवरचा ठिपका दिसला. तो बोटानं पुसायला लागला. पुसला जाईना. म्हणाला, "ई तो भीतर है."

*

मग प्लँटचे मोठे साहेब स्वतः खाली उतरले.

ते ओरडले नाहीत. सुषमाला बाजूला व्हायला सांगितलं आणि तिच्या स्टुलावर बसले. मागं गायकवाड साहेब हसू दाबून उभे. सुषमा भिंतीला टेकली. मूठ अजून वळलेली.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय दिसतंय तुम्हाला?"

सुषमा म्हणाली, "मी सकाळपास्नं सांगतीय. आता तुम्हीच बघून सांगा."

केबिनचा दिवा बंद झाला. स्क्रीन पांढरा झाला. डाव्या कोपऱ्यात ठिपका होता. साहेबांनी गायकवाडांकडचं कार्ड लावून बघितलं, वाटाण्याचं. ठिपका त्यात आरामात बसला. साहेबांनी मान हलवली आणि अंगठा मशीनकडं नेला.

ठिपका कार्डाखालून बाहेर आला.

साहेबांचा अंगठा वरच राहिला. ठिपका मधोमध येऊन थांबला. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातून दुसरा निघाला. चालत चालत पहिल्याजवळ आला. दोघं जरा वेळ समोरासमोर उभे राहिले आणि मग जोडीनं खाली निघाले.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, अंगठा पुसला आणि रिजेक्टच्या बटणावर दाबला.

पट्ट्यावरून पुढचा पीस केबिनमधे सरकला. साहेब अजून बसलेलेच.

सुषमानं मूठ सोडली. पुढं झाली आणि म्हणाली, "उठता का साहेब? मला बसायचंय."

मोठे साहेब उठले. गायकवाडांनी स्टूल पुसून दिलं.