रांगेत ठेवलेली पिशवी

नोकरीच्या गावी, वॉर्सामध्ये, शनिवार-रविवार फार मोठे असत. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात धन्यवाद म्हटलं की पुन्हा तोंड उघडायची वेळ थेट सोमवारी यायची. म्हणून एप्रिलमध्ये मी युद्धाच्या खुणा दाखवणाऱ्या पायी सहलीत नाव घातलं. इतिहासाची हौस नव्हती. घोळक्यातून चाललं की आपण एकटे आहोत हे निदान दिसत नाही.

आदल्या दिवशी फोनवर आईने एकच प्रश्न विचारला होता, "उन्हाळ्यात येनार का न्हाई, तेवढं सांग." लातूरला पाणी संपलं होतं. मामा तिला नांदेडला न्यायला बसले होते. मी येणार असेन तर ती घर उघडं ठेवणार होती, नसेन तर कुलूप लावणार होती. वडील गेल्यापासून त्या घरात ती एकटीच. मी म्हटलं होतं, उद्या सांगते. मला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. मला माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर जाऊन झोपायचं होतं.

आमची वाटाडी एक निवृत्त शिक्षिका होती. मिटलेली लाल छत्री उंच धरून ती पुढे चालायची आणि मी सगळ्यांच्या मागे. जुन्या शहरात येऊन ती म्हणाली, "यातलं काहीच जुनं नाही. सगळं पडलं होतं. जुनी चित्रं बघून पुन्हा बांधलं." लोक फोटो काढू लागले. मला आमची कॉलनी आठवली. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची ती. आई लग्न होऊन आली तेव्हा भिंतींचा गिलावा ओला होता आणि नळाला दोन्ही वेळा पाणी होतं. नांदेडकडच्या नायगावला माहेरी गेली की ती म्हणे, आता आमचाबी जिल्हा हाय म्हनलं.

पुढे एका इमारतीच्या आतल्या चौकात वाटाडी थांबली. तिने छत्रीच्या टोकाने फरशी दाखवली. "युद्धात इथं विहीर खणली होती. नळ तुटले होते. बायका बादल्या घेऊन रांग लावायच्या. गोळीबार चालू असला तरी."

टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मग त्या निघून का नाही गेल्या?"

"कुठं?" ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. मी त्या फरशीजवळ जरा जास्त वेळ थांबले.

संग्रहालयाबाहेर रांग होती. तिथेच आईचा फोन आला. चारचौघांत मराठी मोठ्याने बोलायची मला लाज वाटते. मी खांद्यावरची पिशवी माझ्या जागेवर ठेवली आणि कोपऱ्यावरच्या भिंतीआड गेले. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं मनातही आलं नाही. आमच्याकडे टँकरच्या रांगेत माणसं कुठं उभी असतात? घागरी उभ्या असतात. रांग पुढे गेली की जो असेल तो मागच्याच्या घागरी पायाने सरकवतो. घागर आहे म्हणजे माणूस आहे.

"कुठं हायस? लई आवाज यायलाय," आई म्हणाली.

"फिरायला आलेय. तू?"

"टँकरला थांबलेय. कवाधरनं."

"तू कशाला थांबतेस? घागर ठेव नं. समोरच्या काकू सरकवतील."

"समोरचे गेले की पुण्याला लेकाकडं. बाजूचेबी गेले. आता कोन सरकवतंय? आपलं आपन उभं ऱ्हायचं." ती हसली. "पूजेपुरतं तांब्याभर काढून ठेवलंय. बरं, सांग की. येनार का?"

तेवढ्यात रांगेकडून शिट्टी वाजली. भिंतीआडून पाहिलं, तर माझ्या पिशवीभोवती मोठं रिकामं रिंगण झालं होतं. लोक मागे सरले होते आणि एक रखवालदार वायरलेसवर बोलत होता.

"आई, पाच मिनिटांत करते," म्हणून मी धावले.

"ही कुणाची आहे?" रखवालदाराने इंग्रजीत विचारलं. शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. इथे सगळ्यांदेखत करावा लागला. त्याने पिशवी उघडायला लावली. छत्री, पाण्याची बाटली आणि आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा.

टोपीवाले गृहस्थ डब्यात डोकावले. "स्फोटक आहे का हे?"

"थोडंसं," मी म्हटलं. "तिखट आहे."

लोक हसले. रिंगण मोडलं. वाटाडीने माझा दंड धरून विचारलं, "पण ठेवून का गेलीस, बाळ?"

मी तिला घागरींचं सांगितलं. कित्येक दिवसांत मी सलग एवढी वाक्यं बोलले नव्हते. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "चांगले शेजारी आहेत तुमचे."

"होते," मी म्हटलं.

ती सगळ्यांना घेऊन आत गेली. मी मात्र पायऱ्यांवर बसले. आईला जायला जागा होती. ती थांबली होती ती माझा पलंग राखायला. मी फोन लावला.

"आला का टँकर?"

"न्हाई अजून. तुझं सांग."

"नाही येत मी. इथं काम खूप आहे. तू जा मामांकडं."



"खरंच काम हाय?"

"हो."

"मग लावते कुलूप," ती म्हणाली. "तुझ्या खोलीत गादी गुंडाळून ठेवते. उंदरं लई झालीत."

"घरी जा आता. रांगेत नको थांबूस."

"आलेय तर घेऊन जाते की," ती म्हणाली. "तुळशीला घालते."

फोन ठेवल्यावर मी डबा उघडून बोटाने थोडी चटणी खाल्ली, झाकण घट्ट लावलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. पिशवी खांद्यावरच ठेवली.