तळ्यातल्या रोहूची गाभोळी

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट असेल. भाईंदरच्या जुन्या गावात आमचं घर, मागच्या अंगाला तळं. आमच्या घरच्यांनी त्यात रोहूची पिल्लं सोडली होती. पण आम्ही पडलो कोळी. समुद्रातला मासा आपलं पोट आपणच भरतो, त्याला खायला घालायची रीत आम्हाला कुठली? सासूबाई म्हणायच्या, "मासा काय कोंबडी हाय, दाणे टाकायला?" मात्र उरलेला भात फेकणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून तो तळ्यात जायचा. दोन वर्षांत रोहू असे गुबगुबीत झाले, की बघत राहावं.

त्या पावसाळ्यात नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला काही म्हणजे काही खाववत नव्हतं. घोटभर पेज प्यायची आणि ताट सरकवायची. चेहरा सुकून गेला होता. सासूबाईंना त्याच काळजीने झोप लागेना. एक दिवस ती आपणहून म्हणाली, "आये, गाभोळी असती तर खाल्ली असती गो." गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी.

पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या तर वर ओढून ठेवलेल्या. सासूबाईंनी तळ्यात जाळं टाकायला लावलं. चांगली फुगीर पोटाची मादी निवडून मी विळीवर धरली. आत नुसती पिवळी चरबी, आणि गाभोळी म्हणाल तर सुतळीएवढी. दुसरी कापली, तीच गत.

नणंद बघत होती. म्हणाली, "आये, तुझ्या भातानं ढेरी सुटली हिला, बाकी काय न्हाय."

सासूबाई हसल्या नाहीत. माशाकडे बघितलं, मग लेकीच्या पेजेच्या वाटीकडे. "आणि तू गो? तू तरी दुसरं काय खातेस?"

उठल्या, सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, भाजला, लसूण-मिरची घालून पाट्यावर वाटला. त्या वासावर नणंद भाकरी खाऊन बसली. पुढे रोज तेच मागायची. माशांनाही नुसता भात नको म्हणून जवळा चाळून उरलेला चुरा शेंगदाण्याच्या पेंडीत कालवून आम्ही तळ्यात टाकायला लागलो. भात कोंबड्यांना गेला.

पुढच्या आषाढात मादीचं पोट चिरलं तर दोन्ही बाजूंना गाभोळी ठासून भरलेली. नणंद तेव्हा लेकीला घेऊन आली होती. सासूबाईंनी तळून पहिला तुकडा तिच्याच ताटात वाढला.

तिने तो खाल्ला. मग हळूच मला विचारलं, "वयनी, जवळ्याची चटणी हाय का गो?"