आप्पांची हवा, हिमाचलचा चढ

चार दिवस एका गाडीत तीन माणसं कोंडली की किस्से आपोआप साठतात. आमचे तर अजून संपेनात!

शेजारचे अण्णा निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. लेक स्मिता हिमाचलात, जावई तिथं धरणाच्या कामावर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. अण्णांच्या बायको आक्का म्हणाल्या, "ती येत न्हाय, तर म्हायेर तिकडं जाईल!" थंडीच्या दिवसांत अण्णांची फोर-व्हील-ड्राइव्ह जीप निघाली. दुसरा ड्रायव्हर मी, शाळामास्तर.

*

निघताना आप्पांच्या टायरच्या दुकानात थांबलो. आप्पा म्हणाले, "बर्फाच्या चढाला टायर जरा मऊ पायजे." अण्णांची हयात ट्रक भरण्यात गेलेली. "छ्या! ओझं हाय, टणक भरा!"

ओझं म्हणजे डिंकाचे लाडू, ज्वारीचं पीठ आणि पाळणा!

*

डोंगरात पहिल्याच पहाटे टायरची हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागला. अण्णांनी चारी टायरांना लाथा मारून बघितल्या. पंक्चर नाही. आप्पांना फोन लावला.

"थंडीनं हवा आकसती, अण्णा. तुमी आकसला न्हाय व्हय?"

अण्णा तेव्हा दोन घोंगड्यांत होते. "जराशी भरा," आप्पा म्हणाले. अण्णांनी पुन्हा टणक भरली.

*

चाक घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकायचा. गाडी स्वतःला सावरतेय, एवढाच त्याचा अर्थ. अण्णांना वाटायचं बिघाड! लगेच बटण दाबून बंद. मग चाकं गरगर आणि गाडी आडवी.

तिसऱ्यांदा आक्का मागून वाकल्या आणि बटण हातानं झाकूनच बसल्या. "ती सावरायलीया, सावरू द्या की! तुमाला असलं बटण असतं तर माझा संसार लई सोपा झाला असता!"

*

शेवटचा चढ. पलीकडं दवाखाना. जावयाचा फोन आला, कळा सुरू झाल्या होत्या. आणि जीप वर जाईना, मागंच घसरायला लागली. आक्का देवाचं नाव घ्यायला लागल्या. अण्णांनी ब्रेक दाबून धरला आणि आप्पांना फोन मी लावला.

"हवा सोडा," आप्पा म्हणाले.

"किती? हवा मोजायचं गेज घरीच राह्यलंय!"

"टायरचं पोट जरा सुटंपतोर. अण्णांच्याइतकं नको!"

किल्लीच्या टोकानं व्हॉल्व्ह दाबत मी चारी टायरांची हवा सोडली. बोटं बधिर झाली. मग पहिला गिअर, आक्कांचा हात बटणावर, आणि अगदी हळू. जीप चढली! आप्पांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

*

तासाभरानं नर्स बाहेर आली. मुलगी. दोघी सुखरूप.

अण्णांनी सगळ्यात आधी आप्पांना फोन लावला, पण बोलायच्या आधीच ते रडायला लागले. पलीकडं दुकानात कंप्रेसरचा धडधडाट. आप्पा ओरडत होते, "काय झालं? अण्णा, बोला की!"

शेवटी अण्णा कसेबसे म्हणाले, "आप्पा, नात झाली."

मग आप्पांचा आवाज, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा:

"कंप्रेसर बंद करा रं! आपल्याला नात झालीया!"